साहेबांची लाकडी चिलीम

विजयकर साहेब मुंबईचे नावाजलेले सॉलिसिटर. समोरच्याची बोबडी वळवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतःची जीभ मात्र फार नाजूक. तिला मिरची सोसायची नाही, कढत चहा सोसायचा नाही, आणि नवा पाइप तर मुळीच सोसायचा नाही. दोन दिवस नवा पाइप ओढला की जिभेला फोड यायचे आणि तिसऱ्या दिवशी अशिलासमोर बोलायचे वांधे व्हायचे. बरं, पाइपचा नाद सोडावा तर तेही जमेना. क्लबात सगळे धूर काढत बसणार आणि आपण तेवढे सुपारी चघळत राहणार, हे त्यांना कमीपणाचं वाटायचं. शेवटी एकतीस सालच्या दिवाळीत किहीमच्या बंगल्यावर आले, तेव्हा ते यावर एक तोड काढूनच आले. आपली जीभ भाजून घेण्याऐवजी भागोजीची भाजावी.

भागोजी बंगल्याचा राखणदार. जातीने कोळी. जन्म होडीत गेला, पण दहा वर्षांपूर्वी गुडघ्याला मार बसला आणि त्याला समुद्रावरून उतरावं लागलं. तेव्हापासून बंगल्यामागच्या नारळांत एका झापाच्या खोपटात तो राहत होता. तिथेच मुलाची, नामाची, बायको केसर नांदायला आली, तिथेच त्याची स्वतःची बायको गोदूबाई वारली. आणि याच साली, नारळी पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी, नामा तिथून बाहेर पडला तो खांदेरीच्या बाजूला होडी उलटून गेला. बरोबरचे दोघे वाचले. नामा तिसऱ्या दिवशी नवगावच्या किनाऱ्याला सापडला.

साहेबांना हे ठाऊक होतं. आल्या आल्या त्यांनी भागोजीच्या खांद्यावर हात ठेवला, "फार वाईट झालं" म्हणाले, आणि खरोखरच त्यांना वाईट वाटलं होतं. मग दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला पडवीत बोलावलं आणि मखमलीच्या पेटीतून पाइप काढला.

"हे बघ भागोजी. तू चिलीम ओढणारा माणूस, तुला हे कठीण नाही. नवा पाइप म्हणजे कोरं लाकूड. एकदम भरून ओढला तर लाकूड जळतं आणि तोंडही जळतं. म्हणून पहिला आठवडा तिसरा हिस्सा भरायचा. नंतर अर्धा. मग पाऊण, मग पुरा. रोज संध्याकाळी एकदाच, आणि सावकाश. समजलं?"

"व्हय, साहेब."

"आता मुख्य गोष्ट. ओढून झाल्यावर राख झटकायची, बस्स. आत हळूहळू काळा थर धरेल. त्याला हात लावायचा नाही. खरवडायचं नाही, धुवायचं नाही, पुसायचं नाही. तो थर म्हणजेच पाइप तयार होणं. मी नाताळात येईन तेव्हा आत निदान जाड कागदाएवढा थर दिसला पाहिजे."

"व्हय, साहेब," भागोजी म्हणाला. त्या दिवसांत तो सगळ्यालाच व्हय म्हणायचा. नारळ उतरवायचे का, व्हय. पाऊस लांबला, नाही का, व्हय. देवाची मर्जी, दुसरं काय, व्हय. लोक समाचाराला यायचे, डोळे टिपायचे आणि जाताना आपसांत म्हणायचे की म्हाताऱ्याने अजून एक टिपूस काढलं नाही, हे बरं लक्षण नव्हे. भागोजीच्या कानावर तेही आलं होतं. रडू कुठे अडलंय हे त्याला स्वतःलाच कळत नव्हतं. छातीत दुखायलाही काही नव्हतं. मीठ घालायचं राहिलेली आमटी पुढ्यात आली तरी तो ती भुरकून उठायचा.

नामा गेल्यापासून त्याने चिलीम ओढली नव्हती. नामाची चिलीम त्याच्याबरोबर चितेवर ठेवली, त्या दिवशी आपली त्याने कुठे टाकली ती टाकली. आता साहेबांचं काम म्हणून तो ओढू लागला. दिवस मावळला की बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसायचा, साहेबांनी दिलेल्या डब्यातली विलायती तंबाखू चिमटीने भरायचा आणि सांगितल्याप्रमाणे सावकाश झुरके घ्यायचा. तंबाखू उंची होती. वाटेवरून जाणारे थांबून वास घ्यायचे आणि विचारायचे, "काय भागोजी, मजा हाय तुजी." भागोजी व्हय म्हणायचा. त्याला ना वास येत होता, ना चव. जीभ भाजते असं साहेब म्हणाले होते, पण तीही भाजत नव्हती. झालं की राख झटकायची आणि पाइप खोपटाच्या दाराशी ओट्याच्या कडेला पालथा ठेवायचा. दुसऱ्या संध्याकाळी तो तिथेच असायचा.

आता या घराची एक रीत सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

सासऱ्याशी सुनेने थेट बोलायचं नाही, आणि सासऱ्यानेही सुनेला नावाने हाक मारायची नाही, ही चाल तेव्हा पुष्कळ घरांत होती. पण भागोजीच्या घरात ती जरा जास्तच कडक होती, कारण खोपट एवढंसं, आणि लाज राखायला दुसरा आडपडदा नव्हता. केसर लग्न होऊन आली तेव्हा मध्ये गोदूबाई होती. केसर तिला सांगायची, ती नवऱ्याला सांगायची. वर्षभरात गोदूबाई गेली आणि हे काम नामाकडे आलं. भागोजी हातभर अंतरावर जेवायला बसलेला असायचा, आणि केसर नामाला म्हणायची, "इचारा, आनखी भाकर वाढू का." भागोजी नामाला म्हणायचा, "सांग तिला, अर्धी दे." नामा वैतागायचा. "मी घरचा मानूस हाय का टपालवाला?" मग खोडी काढायचा. भागोजी म्हणायचा, सांग तिला, कालवण आळणी झालंय. नामा सांगायचा, "बाबा म्हनतात, असं कालवण आईच्या हातालाबी न्हवतं." केसर पदरात तोंड लपवून हसायची, कारण तिने दोन्ही ऐकलेलं असायचं. भागोजीही मिशीत हसायचा. दोन वर्षं त्या घरात असं बोलणं चाललं, आणि ते भरपूर होतं.

नामा गेला आणि मधला माणूसच राहिला नाही.

कुणी ठरवून बोलणं टाकलं नाही. ते आपोआप बंद पडलं. चुलीपुढे पाट मांडला म्हणजे जेवा. ताट सरकवलं म्हणजे पुरे. घागर दारात ठेवली म्हणजे विहिरीवर जाते. चार चार दिवस त्या खोपटात माणसाचा आवाज म्हणून उमटायचा नाही. केसर बावीस वर्षांची. बांगड्या फुटलेले हात घेऊन पहाटे उठायची, बंगला झाडायची, झापं विणायची, आणि भागोजी तिच्याकडे बघायचासुद्धा नाही. बघितलं तर नामा आठवेल अशी भीती होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. तो कशाकडेच बघत नव्हता.

साहेबांनी सांगितलेली मुख्य गोष्ट म्हणूनच त्याने घरात कुणाला सांगितली नाही. सांगणार कुणाला, आणि कुणाच्या तोंडून?

देवदिवाळीच्या सुमाराला काशीदहून केसरचा भाऊ दादू आला. मोठा समजूतदार माणूस. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, बोंबलाचा भाव काय, वारा कसा, आणि मग हळूच विषयावर आला.

"मामा, केसरचं वय हाय. आपल्यात दुसरा पाट लावायची रीतबी हाय. नांदगावला एक मानूस हाय, बायको बाळंतपनात गेली, दोन पोरं हायत. सुकी मासळी इकतो, समुद्रावर जात न्हाय. तुमची ना नसंल तर बोलनी करतो."

केसर आत भाकरी थापत होती. तिचा थापण्याचा आवाज थांबला.

"ने," भागोजी म्हणाला.

दादूला वाटलं होतं म्हातारा रडेल, भांडेल, निदान दोन दिवस मागेल. एवढ्याशा उत्तराने तो गडबडला. "तसं न्हाय, तुमच्या जेवनाखान्याचं..."

"व्हईल."

"मग साहेब नाताळाला येऊन जाऊ देत. बंगल्यात काम असंल. ते गेल्यावर मी येतो."

"व्हय."

आत पुन्हा थापण्याचा आवाज सुरू झाला. दादू जेवून गेला. त्या रात्री केसरने सासऱ्याला वाढलं ते रोजच्यासारखंच. तिला जायचंय की राहायचंय हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. खरं तर विचारावं हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. घरातलं एकेक माणूस जात आलंय, हेही जाईल, एवढंच त्याला वाटलं, आणि तेही नीटसं वाटलं नाही.

नाताळात साहेब आले ते एका बॅरिस्टर मित्राला घेऊन. रेवसच्या धक्क्यापासून गाडीत हाडं खिळखिळी झाली होती, तरी स्वारी खुशीत होती. वाटभर त्यांनी मित्राला आपली युक्ती रंगवून सांगितली असावी, कारण पडवीत टेकल्या टेकल्या ते म्हणाले, "भागोजी, आण रे आपला माल."

भागोजीने ओट्यावरून पाइप उचलून आणून दिला. बरोबर रिकामा डबाही आणला. साहेबांनी पाइप मित्रापुढे धरला, "बघा, न ओढता ओढलेला पाइप," म्हणाले, आणि मित्राने उजेडाकडे वळवून आत पाहिलं. मग तो मोठ्याने हसला.

"विजयकर, हा तर दुकानातून आणल्यासारखा आहे."

साहेबांनी हिसकावून घेतला. आत बोट घातलं. बोटाला काजळीचा ठिपकासुद्धा लागला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला.

"भागोजी, तू हा ओढलास की नाही?"

"ओढला, साहेब. रोज."

"मग थर कुठाय? दीड महिना ओढला म्हणतोस आणि आत पांढरं लाकूड! तंबाखू कुणाला दिलीस?"

"कुनाला न्हाय, साहेब. गळ्याची आन. रोज संध्याकाळी ओढला."

"मग काळं गेलं कुठे? बघ, तूच बघ!"

भागोजीने पाइप हातात घेतला आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्याच्या आत पाहिलं.

लाकूड नुसतं स्वच्छ नव्हतं, घासून घासून गुळगुळीत झालं होतं. तळापासून काठापर्यंत बारीक बारीक गोल चरे पडले होते. काडीला काथ्याचा बोळा गुंडाळायचा, राखेत बुडवायचा आणि आत घालून फिरवायचा, म्हणजे असे चरे पडतात. भागोजीला ते हात कुणाचे हे ओळखता आलं. पहाटे भांडी घासायच्या आधी केसर दोन चिलमी घासायची, एक त्याची आणि एक नामाची, आणि उन्हाला पालथ्या घालायची. मातीच्या चिलमीचं खीट रोज काढावं लागतं, नाहीतर ती कडू होते. तीन वर्षांत एक दिवसही तिने ते चुकवलं नव्हतं. नामा गेला, त्याची चिलीम गेली, सासऱ्याचीही गेली. मग एका दिवशी ओट्याच्या कडेला ही लाकडी चिलीम पालथी दिसली. ती घासायची नाही असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दीड महिना तो रोज संध्याकाळी ओढत होता आणि ती रोज पहाटे घासत होती. एका छपराखाली.

"मीच घासली, साहेब," भागोजी म्हणाला.

"काय?"

"इसरलो. चिलमीगत घासली. रोज."

साहेबांनी कपाळाला हात लावला. एवढं बजावून सांगितलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का, असं बरंच काही ते बोलले. मित्राचं हसू काही थांबेना. शेवटी मुलगा गेलेल्या माणसाला आपण हे बोलतोय ते साहेबांच्याच लक्षात आलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम उतरला. "राहू दे," म्हणाले, "आता घासून पातळ झालाय, माझ्या उपयोगाचा नाही. ठेव तुला." आणि भागोजी पाइप मुठीत धरून मागे वळला.

केसर विहिरीच्या कडेला बसून पाहुण्यांची भांडी घासत होती. भागोजी तिच्यासमोर चार पावलांवर येऊन थांबला. नेहमी तो पाणी हवं असलं म्हणजेच असा यायचा, म्हणून तिने न बघता तांब्या पुढे सरकवला. तांब्या उचलला गेला नाही. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वाट पाहत राहिली.

भागोजीला बोलायचं होतं आणि तोंड कुठे वळवावं ते कळत नव्हतं. त्याने उजवीकडे पाहिलं. नामा बसायचा ती बाजू. तिथे विहिरीचा कठडा होता.

"केसर," तो म्हणाला.

घासणारा हात भांड्यात तसाच राहिला. साडेतीन वर्षांत त्या घरात सासऱ्याच्या तोंडून तिचं नाव निघालं नव्हतं.

"ही तू घासायचीस?"

तिने मान हलवली. मग म्हणाली, "व्हय."

"रोज?"

"व्हय. चुकलं का, मामा?"

खरं उत्तर तिला द्यायला हवं होतं. लाकडाची असते, घासायची नसते, साहेबांची चीज वाया गेली. भागोजीच्या तोंडाशी ते आलंही. "न्हाय," तो म्हणाला. "चांगली घासलीस."

केसर खाली बघूनच बोलू लागली. आवाज वापरात नसल्यामुळे घोगरा झाला होता. "मला आदी वाटलं, तुमी परत वढाय लागलात, बरं झालं. मातीची न्हाय ते मला कळत व्हतं. लाकूड झिजतंय ते बी दिसत व्हतं."

"मग?"

"म्हनलं, एक दिवस बगाल. रागवाल." तिने हाताची राख पाण्यात बुडवून धुतली. "रागवायला तरी बोलाल."

भागोजी कठड्यावर बसला. त्याला लाज वाटली. चार महिन्यांत त्याला काहीतरी वाटलं ते हे पहिलं, आणि ते चांगलं नव्हतं. मुलगा त्याचा एकट्याचा गेला असं धरून तो बसला होता. या पोरीचं काय गेलं ते त्याने एकदाही मनात आणलं नव्हतं, आणि तिच्या भावाला मात्र एका शब्दात "ने" म्हणून मोकळा झाला होता.

"दादू परवा येईल," तो म्हणाला. "मी त्याला व्हय म्हनालो. तुला इचारलं न्हाय. आता इचारतो. तुला जायचंय का ऱ्हायचंय? ऱ्हायचं असंल तर ऱ्हा. मी दादूला सांगतो, भांडतो."

केसरने घासलेलं भांडं कडेला पालथं घातलं. बंगल्यातून साहेबांच्या मित्राचं हसणं ऐकू येत होतं.

"आदी इचारलं असतंत तर ऱ्हायले असते," ती म्हणाली. "आता न्हाय, मामा. रोज सकाळी उठून वाटतं, आज आपला आवाज निघंल का न्हाय. मला भ्या वाटतं. तिथं दोन पोरं हायत म्हनतात. पोरं बोलतात तरी. मी जाते."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. तिला राहा म्हणायची आता सोय नव्हती. भागोजी उठला, एक घागर शेंदून तिच्याजवळ ठेवली, आणि अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिला. त्यांनी काही मोठं बोलणं केलं नाही. विहिरीचं पाणी यंदा खाली गेलंय, असं तो म्हणाला. ती म्हणाली, गेल्या साली एवढंच होतं. तो म्हणाला, व्हय का. जेवताना तिने त्यालाच विचारलं, "मामा, आनखी भाकर वाढू का," आणि तो म्हणाला, "अर्धी दे."

तिसऱ्या दिवशी दादू गाडी घेऊन आला. साहेब आदल्या दिवशीच गेले होते. केसरचं सामान म्हणजे एक गाठोडं आणि लग्नातली पितळी घागर. भागोजीने ते स्वतः गाडीत चढवलं. दादू संकोचून उभा होता, म्हाताऱ्याचं मन दुखवू नये म्हणून नांदगावच्या माणसाबद्दल भराभर सांगत होता, की घर कौलारू आहे, कर्ज नाही, दारू नाही, पोरं गुणाची आहेत.

"दादू," भागोजीने त्याला थांबवलं. "तो बोलतो का?"

"कोन?"

"तो नांदगावचा. घरात बोलतो का?"

दादूला प्रश्नाचा रोख कळेना. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती गाडीजवळ पाठमोरी उभी होती.

"बोलतो की," तो म्हणाला. "लई बोलतो. त्याची आय म्हनती, झोपंतबी गप ऱ्हात न्हाय."

"मग देऊन टाक," भागोजी म्हणाला. मग केसरकडे वळून तिला म्हणाला, "दिवाळीला ये. पोरांना घेऊन ये. म्हायेरी येतात तशी."

केसर पाया पडायला वाकली. तिने डोक्यावरचा पदर सावरला नाही, आणि उठली तेव्हा तिचा चेहरा त्याला चार महिन्यांनी नीट दिसला. ती खूप वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ओठ हलत होते, पण काही बोलवत नव्हतं, आणि मध्ये उभं राहून तिचं म्हणणं त्याला सांगणारा कुणी नव्हता. नामाला जाऊन चार महिने झाले होते. भागोजीच्या लेखी तो त्या सकाळी गेला. त्याने गाडीचं चाक धरलं आणि दादूच्या देखत, सुनेच्या देखत, तो मोठ्याने रडू लागला.